लिनक्सवर मॉनिटर नीट दिसत नाही? सेटिंगला हात लावण्याआधी काय तपासायचं

मॉनिटर १९२०×१०८० चा आहे, पण सेटिंगमध्ये १०२४×७६८ च्या वर पर्यायच दिसत नाही. किंवा दुसरा मॉनिटर जोडलाय आणि सिस्टिमला त्याचा पत्ताच नाही. अशा वेळी बहुतेक जण शोधाशोध करून तीन ओळींचा आदेश उचलतात आणि टर्मिनलमध्ये चिकटवतात. मग कधी एरर येते, कधी स्क्रीन काळी होते. कधी काम होतंही, पण संगणक पुन्हा सुरू केला की सगळं पहिल्यासारखं.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. पडद्यावर चित्र उमटण्याआधी पाच गोष्टी जुळाव्या लागतात: तार आणि पोर्ट, मॉनिटरने स्वतःबद्दल दिलेली माहिती, कर्नलमधला (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला) ग्राफिक्स ड्रायव्हर, लॉगिननंतर चालणारं डेस्कटॉपचं सेशन, आणि सगळ्यात शेवटी सेटिंगची खिडकी. खिडकीत हवा तो पर्याय नसेल तर आधीच्या चारांपैकी कुठेतरी अडलेलं असतं. म्हणून तपासणी तारेपासून सुरू करायची आणि एक टप्पा स्वच्छ झाल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही.

## तयारी: परतीची वाट आधी ठेवा

काहीही बदलण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली, लक्षण नेमकं लिहून काढा. "डिस्प्ले खराब आहे" यावरून काहीच कळत नाही. "कर्नल अपडेटनंतर दुसरा मॉनिटर दिसेनासा झाला", "लॉगिनपर्यंत ठीक, नंतर काळा", "फक्त ३० हर्ट्झ मिळतंय" या प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

दुसरी, जुन्या फाइलींची प्रत काढा. तुमचा डेस्कटॉप ग्नोम असेल तर मॉनिटरची मांडणी तुमच्या होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/मॉनिटर्स.एक्सएमएल या फाइलीत असते. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या नव्या आवृत्तीत वेलँड सेशनची (हा प्रकार टप्पा २ मध्ये येतो) मांडणी .कॉन्फिग फोल्डरमध्येच केविनआउटपुटकॉन्फिग.जेसन नावाने सापडेल. /ईटीसी/एक्स११ मध्ये (यातला एक्स मोठा) एक्सऑर्ग.कॉन्फ नावाची फाइल असेल तर तिचीही प्रत घ्या.

तिसरी, स्क्रीन काळी झाली तर काय करायचं ते आधीच माहीत करून घ्या. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं की अक्षरी कन्सोल उघडतो. तिथे लॉगिन करून फाइली पूर्ववत करता येतात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ किंवा एफ२ ने परत डेस्कटॉपवर या. आत्ताच एकदा जाऊन या. काळ्या स्क्रीनसमोर बसून हे पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

आदेश वाचायची रीत: इथे आदेश देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचे. पोर्टची नावं मात्र पडद्यावर जशी दिसतील तशीच लिहायची. आकड्यांमधल्या गुणिलेच्या जागी छोटं एक्स अक्षर येतं.

## टप्पा १: तार, पोर्ट आणि मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू

हा टप्पा लोक सर्रास वगळतात, आणि कितीतरी तक्रारी इथेच संपतात.

१. डेस्कटॉप संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर तार त्या कार्डाच्या पोर्टमध्येच आहे का, हे मागे वाकून बघा. मदरबोर्डचा पोर्ट वर असतो आणि हात आधी तिथे जातो. कार्ड बसवल्यावर मदरबोर्डचे पोर्ट अनेकदा बायोसमधूनच बंद होतात.

२. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा मेन्यू उघडा. इनपुट योग्य पोर्टवर आहे का ते बघा. त्याच मेन्यूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ किंवा १.२ निवडायची सोय असू शकते, किंवा एचडीएमआयसाठी "अल्ट्रा एचडी डीप कलर" अशा नावाचा पर्याय असतो. हे बंद असेल तर मॉनिटर स्वतःच कमी क्षमता सांगतो आणि लिनक्स त्यावर विश्वास ठेवतं.

३. मॉनिटरची वीज पूर्ण काढा, मिनिटभर थांबा, परत जोडा. स्टँडबायमध्ये ठेवणं म्हणजे वीज काढणं नव्हे. मॉनिटरमधली माहिती देणारी चिप अडकली असेल तर ती याने मोकळी होते.

४. अ‍ॅडॅप्टर, डॉक किंवा एका मॉनिटरला दोन संगणक जोडणारा स्विच मधे असेल तर तो काढून सरळ तार लावून बघा.

तारेची मर्यादा हिशोबाने कळते. ३८४०×२१६० (फोरके) चित्र ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, पाठवताना कडेची रिकामी जागा धरून एक फ्रेम ४४००×२२५० ची होते. त्याला ६० ने गुणलं की पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याची गती, ५९४ मेगाहर्ट्झ येतं. एचडीएमआय १.४ ची कमाल ३४० मेगाहर्ट्झ आहे, २.० ची ६००. म्हणजे १.४ च्या अ‍ॅडॅप्टरमधून पूर्ण रंगांसह फोरके ३० हर्ट्झवरच येणार, त्याला २९७ पुरतात. "लिनक्सवर माउस अडखळत चालतो" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच ३० हर्ट्झ असतात, आणि ते सेटिंगने बदलत नाही.

सावधान: डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे जाणारी साधी तार एकाच दिशेने चालते. संगणकाला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट अशी उलटी जोडलीत तर काहीच दिसणार नाही.

तपासणी: संगणक सुरू होताना बायोसचं बोधचिन्ह त्या मॉनिटरवर दिसतं का? दिसत असेल तर तार आणि पोर्ट मुळात जिवंत आहेत. दोन मॉनिटर असतील तर बायोस एकच निवडू शकतं, तेव्हा दुसरा तात्पुरता काढून बघा.

## टप्पा २: सेशन एक्स११ आहे की वेलँड?

पडद्यावर खिडक्या मांडायच्या या दोन पद्धती, एक्स११ जुनी आणि वेलँड नवी. आपली कोणती हे कळल्याशिवाय कुठलाही आदेश चालवू नका. दोन्हींची हत्यारं वेगळी आहेत. टर्मिनलमध्ये इको लिहा, एक जागा सोडा, डॉलरचं चिन्ह काढा आणि त्याला चिकटून मोठ्या अक्षरांत एक्सडीजी_सेशन_टाइप लिहा. उत्तर एक्स११ किंवा वेलँड येईल.

एक्सरँडआर हा आदेश, म्हणजे एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा अक्षरं सलग, एक्स११ चा आहे. वेलँडमध्ये तो चालतो, ओळीही छापतो, पण ती जुन्या प्रोग्रामांसाठी उभी केलेली नक्कल असते. त्यात नवा मोड (रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटची जोडी) घालायचा प्रयत्न केला तर एरर येते किंवा काहीच होत नाही. इंटरनेटवरच्या सूचना "माझ्याकडे चालत नाहीत" यामागचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

वेलँडमध्ये प्लाझ्मा असेल तर केस्क्रीन-डॉक्टर -ओ हा आदेश सगळे मॉनिटर आणि त्यांचे मोड दाखवतो. स्वे हा डेस्कटॉप असेल तर स्वेमेसेज -टी गेट_आउटपुट्स, त्यातला मेसेज फक्त एम, एस, जी असा लिहायचा. ग्नोममध्ये सेटिंगमधलं डिस्प्लेचं पान हाच मुख्य रस्ता, आणि ४८ व्या आवृत्तीपासून जीडीसीटीएल हा आदेशही आहे.

## टप्पा ३: ड्रायव्हर खरा चालू आहे का?

मोजकेच रिझोल्यूशन दिसतात, ब्राइटनेस बदलत नाही, दुसरा मॉनिटर अदृश्य आहे, खिडक्या ओढताना रेंगाळतात. हे सगळं एकत्र असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या.

एलएसपीसीआय -के चालवा आणि यादीत व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलरची ओळ शोधा. तिच्याखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" असं लिहिलेलं असतं. इंटेलसाठी बहुधा आय९१५, नव्या चिपांवर एक्सई. एएमडीसाठी एएमडीजीपीयू, जुन्या कार्डांना रेडिऑन. एनव्हिडियासाठी एनव्हिडिया किंवा नूवो. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही.

मग कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन चालवा. त्यात नोमोडसेट हा शब्द दिसतोय का? इन्स्टॉल करताना "सेफ ग्राफिक्स" निवडलं असेल तर हा शब्द पक्क्या सिस्टिममध्येही राहून जाऊ शकतो. तो असेपर्यंत कर्नल ग्राफिक्सच्या मूळ ड्रायव्हरला काम करू देत नाही, आणि तुम्ही कितीही मोड घातलेत तरी ते लागणार नाहीत. संगणक सुरू होताना कर्नल चालू करणाऱ्या प्रोग्रामला ग्रब म्हणतात. हा शब्द काढण्यासाठी त्याची /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, उघडून तो पुसा. डेबियन आणि उबुंटूवर मग सुडो अपडेट-ग्रब चालवा. फेडोरावर ग्रबी वापरा: सुडो ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --रिमूव्ह-आर्ग्ज=नोमोडसेट, यातलं ऑल मोठ्या अक्षरांत. मग संगणक पुन्हा सुरू करा.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर आणखी तीन जागा बघायच्या.

पहिली जागा सिक्युअर बूट. मोकयूटिल --एसबी-स्टेट म्हटलं की तो चालू आहे का कळतं. चालू असेल आणि ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर (कर्नलला जोडायच्या तुकड्यावर) सही नसेल तर कर्नल ते मॉड्यूल नाकारतं. इन्स्टॉलनंतर पहिल्यांदा रीस्टार्ट करताना निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवायला सांगितलं जातं. तिथे थांबून पासवर्ड द्यायचा असतो, पण लोक पुढे जातात आणि ड्रायव्हर बसूनही लागत नाही.

दुसरी जागा कर्नल अपडेट. डीकेएमएस हे प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारं साधन. डीकेएमएस स्टेटस चालवा आणि आत्ता चालू असलेल्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार झालंय का ते बघा. झालं नसेल तर ग्रबच्या "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स"मधून आधीच्या कर्नलवर जाऊन काम चालवा आणि नव्या कर्नलचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) बसवून घ्या.

तिसरी जागा दोन ग्राफिक्स चिप असलेले लॅपटॉप. पुष्कळ मॉडेलांत एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो. बॅटरी वाचवायला ती चिप पूर्ण बंद केलीत की पोर्टही गेला. बाहेरचा मॉनिटर "अचानक" दिसेनासा झाला असेल तर हे आधी आठवा.

तपासणी: जीएलएक्सइन्फो -बी चालवा, यातला बी मोठा. "ओपनजीएल रेंडरर"च्या ओळीत एलएलव्हीएमपाइप आलं तर चित्र अजून प्रोसेसरच रंगवतोय. इथेच थांबा. ड्रायव्हर लागल्याशिवाय पुढचे टप्पे वाया जातील.

## टप्पा ४: मॉनिटरने स्वतःबद्दल काय सांगितलं?

प्रत्येक मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाची छोटी नोंद असते. कंपनी, मॉडेल आणि चालणारे मोड त्यात लिहिलेले असतात. मूळ नोंद १२८ बाइटची, आणि पुढे तेवढ्याच आकाराचे जोडभाग. एचडीएमआयच्या मॉनिटरची नोंद बहुधा २५६ बाइटची भरते. ही नोंद पोहोचली नाही तर ड्रायव्हर सुरक्षित असे थोडेसे मोड देतो. अडकलेलं १०२४×७६८ पुष्कळदा इथून येतं.

/सिस/क्लास/डीआरएम या फोल्डरमध्ये जा. सिस म्हणजे एस, वाय, एस. तिथे कार्ड०-एचडीएमआय-ए-१ किंवा कार्ड१-डीपी-१ अशा नावांचे फोल्डर दिसतील. आपल्या पोर्टच्या फोल्डरमधल्या तीन फाइली वाचायच्या:

- स्टेटस: कनेक्टेड की डिसकनेक्टेड.
- मोड्स: कर्नलला माहीत असलेले मोड.
- ईडीआयडी: मूळ नोंद.

नोंदीचा आकार बघताना एक फसगत होते. एलएस -एल ने ईडीआयडी फाइल नेहमीच शून्य बाइटची दिसते, ती भरलेली असली तरीही. म्हणून असं मोजा:

कॅट ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी

उत्तर १२८ च्या पटीत आलं तर नोंद पोहोचली. शून्य आलं आणि स्टेटस मात्र कनेक्टेड असेल, तर दोष तार, अ‍ॅडॅप्टर किंवा मधल्या स्विचचा. टप्पा १ ला परत जा. नोंद आली आहे पण खराब आहे का, हे ईडीआयडी-डीकोड हा प्रोग्राम सांगतो. चेकसम (नोंद बिनचूक आहे का ते ताडायचा आकडा) चुकला असेल तर तो स्पष्ट लिहितो. सुडो डीमेसेज च्या ओळींतही ईडीआयडीची तक्रार सापडू शकते. इथेही मेसेज म्हणजे फक्त एम, ई, एस, जी.

माझं मत स्पष्ट आहे: वीस वेळा मोड घालून बघण्यापेक्षा एकदा दुसरी तार लावून ही नोंद मोजा. नोंद नीट आली की पुढच्या टप्प्यातलं बहुतेक काम सिस्टिम आपसूक करते.

## टप्पा ५: रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट

इथवर सगळं ठीक असेल तर आधी सेटिंगची खिडकीच वापरा. बदल केल्यावर "हे ठेवायचं का" असा प्रश्न येतो आणि काही सेकंदांत उत्तर दिलं नाही तर जुनं परत येतं. काळी स्क्रीन आली तर काहीही न दाबता थांबा. घाईने पॉवर बटण दाबू नका.

एक्स११ मध्ये एक्सरँडआर नुसतं चालवलं की अशी ओळ दिसते:

एचडीएमआय-१ कनेक्टेड प्रायमरी १९२०×१०८०+०+०

खाली मोडांची यादी असते. ज्या आकड्यापुढे तारका आहे तो आत्ता चालू, आणि अधिकचं चिन्ह आहे तो मॉनिटरला स्वतःला आवडणारा. दोन्ही चिन्हं एकाच आकड्यापाशी असली की रिझोल्यूशन बरोबर आहे आणि अक्षरं लहान वाटण्याचं कारण वेगळं आहे, त्याचं पुढे येतं. अधिक एकीकडे आणि तारका दुसरीकडे असेल तर:

एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --मोड १९२०×१०८० --रेट ६०

पोर्टचं नाव स्वतःच्या यादीतूनच घ्या. तोच पोर्ट एका ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय-१, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय-०, आणि कर्नलच्या फोल्डरमध्ये एचडीएमआय-ए-१ असतो. दुसऱ्याचा आदेश जसाच्या तसा चिकटवला की इथेच अडतो.

### यादीत नसलेला मोड घालणं

हा शेवटचा उपाय आहे. नोंद खरोखर मिळत नसेल, जुना व्हीजीए मॉनिटर किंवा बदलता न येणारा स्विच असेल, तरच.

सीव्हीटी १९२० १०८० ६० चालवलं की ही ओळ मिळते:

मोडलाइन "१९२०×१०८०_६०.००" १७३.०० १९२० २०४८ २२४८ २५७६ १०८० १०८३ १०८८ ११२० -एचसिंक +व्हीसिंक

१७३.०० हे पिक्सेल क्लॉक, मेगाहर्ट्झमध्ये. एकल जोडणीच्या डीव्हीआयची मर्यादा १६५ आहे, म्हणजे ही ओळ तिथे बसणारच नाही. सीव्हीटी -आर ने पुन्हा काढली तर कडेची रिकामी जागा कमी होते आणि क्लॉक १३८.५० वर येतो. सपाट मॉनिटरना ती जागा लागत नाही, तेव्हा -आर चीच ओळ आधी वापरून बघा.

मग तीन पायऱ्या, याच क्रमाने:

१. एक्सरँडआर --न्यूमोड, आणि पुढे "मोडलाइन" हा शब्द सोडून बाकी सगळी ओळ.
२. एक्सरँडआर --अ‍ॅडमोड, पोर्टचं नाव, मोडचं नाव.
३. एक्सरँडआर --आउटपुट, पोर्टचं नाव, --मोड, मोडचं नाव.

मोडलाइन हा शब्द तसाच ठेवणं आणि तिसऱ्या पायरीत मोडचं नाव वेगळं लिहिणं, या दोन चुका नेहमीच्या.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असा घातलेला मोड सहसा स्वीकारत नाही. वेलँडमध्ये तर हा रस्ताच नाही. तिथे बहुधा कर्नलला सुरू होतानाच सांगावं लागतं. ग्रबच्या फाइलीत कर्नलच्या ओळीला व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०×१०८०@६० असं जोडा, पोर्टचं नाव /सिस/क्लास/डीआरएम मधलं, पण पुढचा कार्ड०- हा भाग काढून. मॉनिटर जोडलेला असूनही स्टेटस डिसकनेक्टेड दाखवत असेल तर शेवटी ई हे छोटं अक्षर लावा, म्हणजे कर्नल तो पोर्ट जबरदस्तीने चालू धरतं.

सावधान: मॉनिटरवर "आउट ऑफ रेंज" आलं की सिग्नल पोहोचतोय, पण मॉनिटरला पेलत नाही. रिफ्रेश रेट कमी करा. जुन्या नळीच्या मॉनिटरवर तर असे प्रयोग करूच नका.

## टप्पा ६: अक्षरं लहान किंवा धूसर

अक्षरं मोठी दिसावीत म्हणून रिझोल्यूशन कमी करणं ही सर्वांत पसरलेली चूक आहे. एलसीडीचे पिक्सेल पक्के असतात. त्यांच्या मूळ संख्येपेक्षा कमी संख्या दिली की मॉनिटर चित्र ताणतो आणि अक्षरं मऊ, पसरट होतात. रिझोल्यूशन मूळचंच ठेवा आणि स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि चित्रं किती टक्के मोठी दाखवायची ते, वाढवा.

किती वाढवायचं? इंचातले पिक्सेल बघा. २४ इंची १९२०×१०८० मध्ये साधारण ९२ भरतात, तिथे १०० टक्के पुरे. २७ इंची २५६०×१४४० मध्ये १०९, तिथेही १०० टक्के चालतं. २७ इंची फोरकेमध्ये १६३ होतात, तिथे १५० टक्के किंवा त्याच्या आसपास लागतं.

१२५ किंवा १५० सारखे मधले आकडे वेलँडमध्ये चांगले चालतात, आणि प्रत्येक मॉनिटरला वेगळा आकडा देता येतो. प्लाझ्माच्या एक्स११ सेशनमध्ये सगळ्या मॉनिटरना एकच आकडा लागतो. लॅपटॉपचा पडदा दाट आणि बाहेरचा विरळ असेल तर वेलँडकडे वळा, एक्स११ मध्ये झुंजत बसू नका.

वेलँडमध्ये काही ठरावीक प्रोग्रामच धूसर दिसत असतील तर ते जुन्या एक्स११ पद्धतीने चालतायत. प्लाझ्माच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अशा प्रोग्रामांनी स्वतःच स्केल करावं असा पर्याय आहे, तो लावा.

## टप्पा ७: कडा कापल्या, काळा रंग राखाडी

टीव्हीला संगणक जोडला की कडा पडद्याबाहेर जातात. टीव्हीच चित्र किंचित मोठं करतो, म्हणून उपायही टीव्हीच्याच मेन्यूत: "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट" अशा नावाचा पर्याय शोधा, किंवा त्या इनपुटचं नाव बदलून "पीसी" करा. लिनक्समध्ये चित्र आकसवायला जाऊ नका, अक्षरं खराब होतात.

काळा रंग राखाडी आणि सगळं धुतल्यासारखं वाटत असेल तर संगणक १६ ते २३५ असा मर्यादित रंगपल्ला पाठवतोय आणि मॉनिटर ० ते २५५ धरून बसलाय. इंटेलच्या चिपवर, एक्स११ मध्ये:

एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --सेट "ब्रॉडकास्ट आरजीबी" "फुल"

अवतरणातले शब्द मोठ्या पहिल्या अक्षराने, आरजीबी पूर्ण मोठं. प्लाझ्माच्या वेलँड सेशनमध्ये डिस्प्ले सेटिंगमध्येच आरजीबीचा पल्ला निवडता येतो. मॉनिटरच्या मेन्यूतला काळ्या रंगाचा पर्याय त्याच वेळी बदलू नका. दोन्हीकडे बदल झाला की नेमका कशाने फरक पडला ते कळत नाही.

## टप्पा ८: दोन मॉनिटर आणि मांडणी टिकवणं

मांडणीसाठी खिडकीतले चौकोन ओढून टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसे लावा. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र हवं असेल तर दोघांनाही चालणारं रिझोल्यूशन निवडा. लहान पडद्याची क्षमता तिथे आड येते.

मांडणी पुन्हा पुन्हा विसरली जात असेल तर आधी पोर्ट बघा. ग्नोमच्या मॉनिटर्स.एक्सएमएल मध्ये प्रत्येक मांडणीपाशी पोर्ट, कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक नोंदलेला असतो. चारही जुळले तरच ती मांडणी लागते. तोच मॉनिटर काल डीपी-१ ला होता आणि आज डीपी-२ ला लावलात, तर ग्नोमच्या लेखी तो नवा मॉनिटर. तारांना पोर्टप्रमाणे चिठ्ठ्या चिकटवा, तक्रार संपते.

एक्स११ मध्ये टर्मिनलमधून केलेला बदल रीस्टार्टनंतर जातो, कारण तो कुठे लिहिलेलाच नसतो. होम फोल्डरमध्ये .एक्सप्रोफाइल नावाच्या फाइलीत तेच आदेश क्रमाने लिहिले की लॉगिनच्या वेळी ते चालतात. लॅपटॉप कधी ऑफिसला कधी घरी असा फिरत असेल तर ऑटोरँडआर जास्त सोयीचं. मांडणी करून ऑटोरँडआर --सेव्ह आणि एक नाव द्या. जोडलेले मॉनिटर ओळखून ते ती मांडणी परत लावतं.

लॉगिनचा पडदा वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. तुमची मांडणी त्याला आपोआप कळत नाही. लॉगिनची खिडकी चुकीच्या मॉनिटरवर येणं हे त्यामुळेच.

सावधान: एनव्हिडियाच्या सेटिंग प्रोग्राममधून "सेव्ह" केलं की /ईटीसी/एक्स११ मध्ये एक्सऑर्ग.कॉन्फ तयार होते. पुढे कार्ड बदललंत किंवा ड्रायव्हर काढलात तर ही फाइल एक्स११ सुरूच होऊ देत नाही. तिचं नाव बदलून बाजूला ठेवा. आजच्या बहुतेक संगणकांना ती लागतच नाही.

## स्क्रीन काळीच राहिली तर

लॉगिननंतर काळी होत असेल तर कंट्रोल, ऑल्ट, एफ३ ने कन्सोलवर जा आणि मॉनिटर्स.एक्सएमएल चं नाव बदला, किंवा .एक्सप्रोफाइल मधल्या ओळी काढा. रीस्टार्ट करा.

कन्सोलही दिसत नसेल तर ग्रबपासून सुरुवात. संगणक सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. यादीत वरची ओळ निवडून ई दाबा, "लिनक्स"ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट लिहा, आणि कंट्रोल व एक्स दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. आत गेल्यावर जर्नलसीटीएल -बी -१ -के चालवा. आधीच्या, म्हणजे काळ्या पडलेल्या वेळेच्या कर्नलच्या नोंदी दिसतील. त्यात डीआरएम, एनव्हिडिया, एएमडीजीपीयू किंवा आय९१५ च्या ओळी वाचा आणि टप्पा ३ कडे परत जा.

आत शिरता आलं म्हणून नोमोडसेट ग्रबच्या फाइलीत कायमचं लिहू नका. दुरुस्ती झाल्यासारखी वाटते, पण ड्रायव्हर बंदच राहतो.

## झालं म्हणण्याआधी

चार प्रसंग घडवून बघा: संगणक पूर्ण बंद करून सुरू करणं, झोपवून उठवणं, मॉनिटरची तार काढून लावणं, आणि मॉनिटर आधी बंद ठेवून संगणक चालू केल्यावर तो सुरू करणं. शेवटच्या प्रसंगात चित्र येत नसेल तर संगणक सुरू होताना नोंद वाचली गेली नाही; मॉनिटर आधी चालू करायची सवय लावा किंवा टप्पा ५ मधला कर्नलचा पर्याय वापरा. चारही प्रसंगांत मांडणी टिकली की तयारीत काढलेल्या प्रती पुसायला हरकत नाही.